वाजलेला फोन, उचललेला फोन

रशीदभाई, नसरीनचा फोन आला तेव्हा मी कणीक भिजवत होते. हात पिठाचे, म्हणून कोपरानंच स्पीकर लावला. "फुफी, अब्बा गेले," एवढंच तुमची लेक बोलली, आणि खरं सांगते, मला आधी तुमचा राग आला. दिवाळी झाली की अमरावतीला येतो म्हणाला होतात. मी वाट पाहत होते, आणि तुम्ही न सांगता उठून चालते झालात. रडू नंतर आलं. आलं ते मग दोन दिवस थांबलं नाही.

लोक विचारतात, हे रशीदभाई तुमचे कोण? तुम्ही बाळापूरचे, अकोल्यात टेलिफोन दुरुस्तीचं दुकान. मी अमरावतीच्या धर्मादाय हॉस्पिटलातली टेलिफोन ऑपरेटर, माहेर चांदूर रेल्वेचं, महानुभावांच्या घरातली. काय नातं सांगू? मी सांगते, ह्या माणसाच्या हातून माझी नोकरी जायला निघाली होती, आणि ह्याच माणसानं ती परत आणून दिली. मग ऐकणारा खुर्ची ओढून बसतो आणि म्हणतो, पहिल्यापासून सांगा. तुमची गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो. "ताई, तुमी फोनवर हळू बोलता अन् फोनच्या बाहेर भोंगा लावता," असं तुम्हीच म्हणायचात ना.

पहिल्या दिवशी मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. माझा जुना दोऱ्या-पिनांचा बोर्ड उचलून तुम्ही तिथं पांढरी पेटी ठोकत होता. ती पेटी म्हणे आपणहून फोन जोडणार. मग मी काय करणार? मी तोंड फुगवून बसले होते. तुम्ही तोंडात दोन स्क्रू धरलेले, ते काढून म्हणालात, "ताई, मशीन आली म्हणून बाई जात नाई. मशीनले बाई लागतेच." आणि कुठून तरी तुम्हाला कळलं होतं की आमच्या घरी दंडवत घालतात, तर जाताना दारातून म्हणालात, "दंडवत प्रणाम, ताई." मी नाइलाजानं हसले आणि सलाम म्हटलं. पुढं जन्मभर फोनवर आपलं तसंच चाललं. तुमचा दंडवत आणि माझा सलाम.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमचं हॉस्पिटल चालायचं जिनवाल्यांच्या आणि अडत्यांच्या देणग्यांवर, आणि त्यांचीच बसायची वेळ आलेली. आमचे हे कामाला होते ती जिनिंग त्या हंगामात सुरूच झाली नाही. ते घरी बसलेले, म्हणजे घर माझ्या पगारावर. इकडं कॅज्युअल्टीत खाटा कमी पडायच्या. कशाचे पेशंट यायचे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. ट्रस्टचे सचिवसाहेब रोज काटकसरीचं एक नवं सर्क्युलर काढायचे. एका खोलीत एकच दिवा, एका टेबलाला एकच पेन. मग त्यांची नजर फोनवर गेली.

तोवर गावातल्या गावात फोन करायचा तर कोणी हिशोब ठेवत नसे. कोणत्याही वॉर्डातून शून्य दाबलं की बाहेरची लाइन मिळायची. सचिवसाहेबांनी तुम्हाला बोलावलं आणि सांगितलं, कोणत्या टेबलावरून किती लोकल कॉल जातात ते मशीननं मोजलं पाहिजे आणि छापून दिलं पाहिजे. तुम्ही पेटीला एक छोटा प्रिंटर जोडला. काम झालं म्हणून चहा पिऊन अकोल्याच्या एसटीत बसलात. कोणाला काही वाटलं नाही, मलाही नाही.

माझं काम काय होतं? रक्त गोळा करणं. ब्लड बँकेत बाटली नसली की डॉक्टर मला गट सांगायचे आणि मी वही उघडायची. वहीत गावातल्या रक्त देणाऱ्यांचे नंबर. त्यातले निम्मे पीपी, म्हणजे फोन शेजाऱ्याकडे, माणूस पलीकडच्या घरात. आणि आपल्याकडची माणसं फोन कशी उचलतात ते तुम्हाला माहीत. वाजला की आधी एकमेकांना विचारतात, कोणाचा असंल बाप्पा? मग बाई पदराला हात पुसते, मग म्हातारा चष्मा शोधतो, मग उचलतात. मी रिंग वाजू द्यायची. दहा घरी लावावा तेव्हा एक माणूस सापडायचा. एकदा सापडला की तो सायकल घेऊन निघायचाच, ही आपल्या लोकांची गोष्ट मात्र मान्य करावी लागेल.

महिना भरला आणि कागद निघाला. लांबच लांब पट्टी, गुंडाळी करून ठेवावी अशी. सगळ्यात जास्त कॉल कोणाचे? ऑपरेटरचे. त्याखाली कॅज्युअल्टीच्या सिस्टरचे. सचिवसाहेबांनी मला केबिनमध्ये उभं केलं आणि विचारलं, "दिवसभर कोणाशी गप्पा मारता, बाई?" मी म्हटलं, रक्तासाठी लावते. ते म्हणाले, रक्त देणारे थोडे आणि बोलणं एवढं? हातात पत्र ठेवलं. आठ दिवसांत खुलासा द्या. समाधान झालं नाही तर ऑपरेटरचं पद बंद, आणि सगळ्या वॉर्डांचं शून्य बंद. बाहेर फोन लावायचा तर सचिवांच्या केबिनमध्ये यायचं, तेही ते असतील तेव्हा. मी पत्र घेऊन बोर्डाशी बसले तर माझ्या हाताला नंबर सापडेना.

तुम्हाला फोन लावला. म्हटलं, तुमच्या मशीनमध्ये काही तरी घोटाळा आहे. आणि तुम्ही काय म्हणालात? आठवतं ना? "मशीन झूट नाई बोलत, ताई." असा संताप आला मला. मी फोन आपटला आणि त्याच रागात खुलासा लिहिला. सदर मशीन बसवणाऱ्या इसमानं हेतुपुरस्सर खोटे आकडे छापण्याची व्यवस्था केली आहे, त्याची चौकशी व्हावी. सही ठोकली आणि सचिवांच्या टेबलावर नेऊन दिला. तुम्हाला इसम लिहिलं मी. आज सांगते, लिहिताना मला बरं वाटलं होतं.

खुलासा दिला तरी मन स्वस्थ बसेना. दुपारच्या सुट्टीत मी ती पट्टी घेतली आणि आपली वही घेतली, आणि एकेक नंबर लावत बसले. तर निंभोरकर मास्तरांचा नंबर आला. मास्तर आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे, त्यांचा गट दुर्मिळ. त्या दिवशी मी त्यांना तीनदा फोन लावला होता, कोणी उचलला नाही म्हणून शेवटी ह्यांना त्यांच्या घरी धाडलं, तर दाराला कुलूप. सगळं घर रिद्धपूरला गेलेलं, चार दिवस. आणि कागदावर काय? त्याच दिवशी, त्याच नंबरवर, तीन वेळा बोलणं झालेलं. प्रत्येक वेळी मिनिटभर. मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग पुन्हा अकोल्याचा नंबर फिरवला.

"रशीदभाई," मी म्हटलं, "तुमचं मशीन झूट बोलत नसंल तर मी मास्तरांच्या कुलपाशी बोलले काय?"

 मग अगदी हळू विचारलंत, "ताई, तुमी रिंग किती वेळ जाऊ देता?"

"उचलेपर्यंत. कधी मिनिटभर, कधी त्याच्याहून जास्त."

"तोबा," तुम्ही म्हणालात. फक्त तोबा. आणि फोन ठेवलात. दुसऱ्या दिवशी मी बोर्डावर आले तेव्हा तुम्ही पिशवी घेऊन पायरीवर बसला होतात, पहिल्या एसटीनं आलेले.

त्या दिवशी तुम्ही मला जे समजावलं ते मी आजही कोणालाही समजावून सांगू शकते. समोरच्यानं फोन उचलला हे तुमच्या पेटीला आपणहून कळतच नव्हतं. टेलिफोन ऑफिसकडून तशी एक खूण लाइनवर मागून घ्यावी लागते. ती मागितली नाही तर पेटी अंदाज बांधते. नंबर लावला, वीस सेकंद झाले, म्हणजे उचलला असेल, धर हिशोबात. ते वीस सेकंद तुम्ही तुमच्या हातानं भरले होते. "म्या आजवर दालमिलीत अन् तेलमिलीत मशिनी बसवल्या, ताई. तथी माणूस फोनच्या उरावर बसून असते. दुसरी रिंग जाऊ देत नाई. वीस सेकंद म्हणजे तथी लय झाले. दवाखान्याचा फोन घरोघरी जाते, हे माह्या डोक्यातच नाई आलं. बह्याडपणा झाला."

म्हणजे पाहा, ज्यानं जास्त धडपड केली तोच त्या कागदावर जास्त गुन्हेगार ठरत होता. कोणी सापडत नाही म्हणून मी दहा घरी फोन वाजवला, तर माझ्या नावावर दहा गप्पा.

त्याच दिवशी दुपारी ट्रस्टची मीटिंग होती. बाहेरच्या बाकावर बसलो असताना मी तुम्हाला काय सुचवलं ते मी कधी कोणाला सांगितलं नाही. मी म्हटलं, लाइनीत बिघाड होता म्हणून सांगा, तुमचं नाव कशाला? मला भीती वाटत होती. तुमची चूक निघाली तर तुमचं काम जाईल, आणि माझा तो खुलासा आत टेबलावर पडलेला. तुम्ही माझ्याकडं असं पाहिलं की मीच बह्याड. "काहून? माहं काम वाचवाले लाइनवाल्याची नोकरी घालवू का?" एवढं बोलून तुम्ही दाराकडं पाहत बसलात. 

आत गेल्यावर सचिवसाहेबांनी पहिला डाव टाकला. माझा खुलासा काढला आणि मोठ्यानं वाचला. इसम, हेतुपुरस्सर, चौकशी, सगळं. त्यांना वाटलं आपण दोघं आता एकमेकांच्या अंगावर जाऊ आणि त्यांचं काम होईल. माझी मान खाली. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणालात, "साहेब, ताईनं बराबर लिहिलं हाय. फक्त म्या जानबूझके नाई केलं, तेवढं खोडा. बाकी चूक सोळा आणे माही हाय." सगळी मीटिंग तुमच्याकडं पाहायला लागली. त्या खोलीत आपली चूक आहे असं म्हणणारा माणूस त्यांनी आधी पाहिला नसावा.

आणि मग तुम्ही ती गंमत केलीत. ती आठवली की मला आजही एकटीला हसू येतं. तुम्ही सचिवसाहेबांना म्हणालात, "साहेब, तुमच्याच टेबलावरून तुमच्या घरी फोन लावा." त्यांनी लावला. सगळे शांत बसून रिंग ऐकायला लागले. बाई बाजारात गेल्या होत्या वाटतं. वाजतोय, वाजतोय. तुम्ही म्हणालात, वाजू द्या, घाई नाई. मिनिटाच्या वर वाजला. शेवटी त्यांनी ठेवला. तुम्ही मला खूण केलीत, मी बोर्डाशी धावत गेले आणि प्रिंटरची पट्टी फाडून आणली. अध्यक्ष म्हणजे म्हातारे वकील, जाड भिंगांचे. त्यांनी ती डोळ्याशी धरून वाचली. सचिवांच्या घरचा नंबर. बोलणं झालं, मिनिटभर. ते म्हणाले, "सचिवसाहेब, कोणाशी गप्पा मारल्या हो इतक्या?"

सगळी खोली हसली. सचिवसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, आणि मी तो पोटभर पाहिला.

एवढ्यावर थांबाल तर तुम्ही रशीदभाई कसले? सगळ्या ट्रस्टींना उठवून तुम्ही खाली व्हरांड्यात नेलंत, पेशंटच्या नातेवाइकांसाठी ठेवलेल्या त्या लाल डब्याच्या फोनपाशी. एक रुपया हातात धरलात. पुन्हा सचिवांच्या घरचा नंबर. वाजतोय, कोणी नाही, रुपया हातातच. मग समोरच्या औषधाच्या दुकानाचा नंबर. तिकडून हॅलो आलं आणि डब्यातून पीं-पीं सुरू झालं, की टाका आता रुपया. "पाहा साहेब, ह्या लाल डब्ब्याले समजते कधी उचलला अन् कधी फक्त वाजला. काहून की ह्याच्या लाइनीवर ते खूण येते. तुमच्या लाइनीवर म्या मागितलीच नव्हती. एक अर्ज लिहून द्या, टेलिफोन ऑफिसात मी सोता जातो." तीन म्हातारे ट्रस्टी आळीपाळीनं रिसीव्हर कानाला लावून पीं-पीं ऐकत होते. नातेवाईक बाया घुंगट वर करून पाहायला लागल्या, ही कोणती नवी तपासणी म्हणून.

अध्यक्षांनी तिथं उभ्या उभ्याच निर्णय दिला. माझं पत्र रद्द. सगळ्या वॉर्डांचं शून्य चालू. अर्ज आजच. मी कॅज्युअल्टीत गेले आणि सिस्टरला सांगितलं, तर तिनं मला गच्च धरलं. दोघी भर ड्युटीत रडलो आणि दोघी हसलो. मी जिंकले होते, रशीदभाई. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणत्या तरी मोठ्या टेबलापुढं उभी राहून जिंकले होते.

तुम्ही मात्र आपलं काम घालवून बसलात. देखभालीचा ठेका सचिवांनी तुमच्याकडून काढून नागपूरच्या कोणाला दिला. चूक कबूल केलेल्या माणसाला कसा ठेवणार, म्हणे. तुम्ही टेलिफोन ऑफिसचं काम तरी पुरं करून दिलंत, आणि जाताना दारातून दंडवत. त्या दिवशी मी माफी मागायला हवी होती. कँटीनमध्ये आपण समोरासमोर बसलो होतो, चहा होता, वेळ होता. मी म्हटलं, "साखर कमी पडली का?" एवढंच निघालं तोंडातून. तुम्हाला कळलं असेलच. पण कळणं वेगळं आणि मी म्हणणं वेगळं. माफ करा, रशीदभाई. तुम्ही इसम नव्हता.

दोन वर्षांनी नागपूरवाला फिरकेना तेव्हा तुम्हालाच बोलावलं, आणि मग आपलं येणंजाणं झालं. ईदला तुमच्याकडून शिरखुर्मा, संक्रांतीला आमच्याकडून तीळगूळ. तुम्ही मशीनमध्ये त्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाची बाई आणून बसवलीत, कृपया प्रतीक्षा करा म्हणणारी, तेव्हा मी तुमच्याशी महिनाभर बोलले नाही. आणि तो आपला कायमचा वाद, चूक नेमकी कोणाची. मी म्हणायची, निम्मी सचिवांची, त्यांना गुन्हेगार हवाच होता. तुम्ही म्हणायचात, कागद कोणी छापला? माझ्या मशीननं. मग चूक माझी. मी म्हणायची, उगीच मोठेपणा नका घेऊ. तुम्ही हसून सुपारी कातरायला लागायचात आणि विषय तिथंच राहायचा.

तिसऱ्या दिवशी मी बाळापूरला आले. एसटीतून उतरून तशीच तुमच्या गल्लीत शिरले. अंगणात पुरुष बसलेले, आत बाया. भाभींनी मला जवळ ओढून घेतलं. जरा वेळानं शेजारची एक बाई माझा हात धरून म्हणाली, "तुमीच का अमरावतीच्या सुनंदाताई?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मी अकोल्याले एका पतसंस्थेत फोनवर होती. तुमच्यामुळं माही नोकरी राह्यली."

मला काही कळेना. माझ्यामुळं कशी? मग नसरीननं सांगितलं. आमच्याकडची ती मीटिंग झाल्यावर तुम्ही जिथं जिथं ते मोजणारं मशीन बसवलं होतं, तिथं तिथं एसटीनं स्वतः गेलात. कॉलेज, पतसंस्था, बियाण्यांची कंपनी, मूर्तिजापूर, कारंजा. प्रत्येक ठिकाणी वीस सेकंदांची गोष्ट सांगितलीत, अर्ज लिहून घेतलेत, आणि प्रत्येक ठिकाणी म्हणालात, "अमरावतीले एका ताईची नोकरी माह्या हातानं चालली होती. अथी कोणाची जाऊन राहिली असंल तर थांबवा." अंगणातून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ दारापर्यंत आले आणि मला म्हणाले, "मले तर काढूनच टाकलं होतं, ताई. रशीदभाई आले, मॅनेजरच्या समोर बसले, म्हणे ह्याले वापस बोलवा, चूक माही हाय. बोलावल्याबिगर उठलेच नाई."

"त्या साली निम्मे गिऱ्हाईक गेले," भाभी म्हणाल्या. "मी लय भांडली. हा माणूस जथी जाये तथी आपलीच चूक सांगे." आणि हे बोलताना त्या हसत होत्या, डोळे पुसत हसत होत्या.

आणि तुम्ही मला ह्यातलं एक अक्षर बोलला नाहीत. इतकी वर्षं समोर बसून सुपारी कातरलीत. तर आता वाद मी मिटवते. चूक तुमची होती. सोळा आणे तुमची. निम्मी सचिवांची म्हटली असतीत, तर उरलेली निम्मी घेऊन तुम्ही गावोगाव एसटीत कशाला बसला असतात?

नसरीननं सगळ्यांना आत बोलावलं, आणि मला म्हणाली, फुफी, अब्बा अर्धीच गोष्ट सांगायचे, तुम्ही पुरी सांगा. मी पहिल्यापासून सांगितली. आवाज चढवून सांगितली. माझा खुलासाही सांगितला, इसमासकट. सचिवांच्या घरी फोन वाजत राहिला तिथं सगळं घर हसलं, दुःखाच्या घरात हसू नये हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. मग मिशांच्या गृहस्थांनी विचारलं, आपण फोनवाले किती जण आहोत हो? मोजलं तर मला धरून सात. प्रत्येकानं सांगितलं, कुठं होतो आणि कधी निवृत्त झालो. सातही जणांनी आपापल्या बोर्डावर नोकरी पुरी केली, रशीदभाई. ज्या एकाला मध्ये उठवलं होतं, त्यालाही तुम्ही परत बसवलंत.